पायजम्यातला ‘पाय’ कुणाचा?

खेळणा-पूर्णेच्या संगमावरच्या जाफराबादच्या नावातलं ‘आबाद’ फारसी आहे. ‘पायजमा’ही फारसीच: ‘पाय’ म्हणजे पाय, ‘जामा’ म्हणजे वस्त्र. आपल्याला त्यातला ‘पाय’ घरचा वाटतो आणि ते अगदीच चूक नाही, कारण फारसी ‘पाय’ आणि संस्कृत ‘पाद’ एकाच कुळातले. तोच ‘जामा’ ‘जामानिमा’त आहे, ‘निमा’ म्हणजे आखूड अंगरखा. ‘विजार’ची गंमत वेगळी. मूळ अरबी ‘इजार’ म्हणजे कमरेला गुंडाळायचं, न शिवलेलं वस्त्र. हजयात्रेत पुरुष आजही ते नेसतात. म्हणजे आपल्या धोतराचाच जवळचा नातलग. मराठीत येईपर्यंत त्याला शिवण पडली, दोन पाय फुटले, नाडीही आली!