मिठालाही हिरव्या ठिपक्यासारखी खूण हवी

लेखमाला : पाकिटातले अन्न (लेखांक ५)

गेल्या आठवड्यात आपण घटकपदार्थांची यादी वाचायला शिकलो. वजनाने जो घटक सर्वांत जास्त, तो यादीत सर्वांत आधी येतो. आज त्याच्या शेजारचा पोषणतक्ता पाहू.

समजा, हातात शेवेचे १५० ग्रॅमचे पाकीट आहे आणि तक्त्यात १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे. बाजूच्या रकान्यात ‘एका सर्व्हिंगमध्ये १२ टक्के’ असे दिसते. बारा टक्के म्हणजे फार नाही, असे वाटून आपण पाकीट पिशवीत टाकतो. पण ते सर्व्हिंग धरलेले असते ३० ग्रॅमचे, जेमतेम मूठभर. चहाबरोबर पाकीट संपले, तर पोटात गेलेले सोडियम भरते १२०० मिलिग्रॅम. सोडियमला अडीचने गुणले की मीठ निघते : तीन ग्रॅम. दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमची आणि घरची आमटी, भाजी, लोणचे अजून बाकीच. किराणा दुकानात उभ्या उभ्या, बारीक इंग्रजी अक्षरे वाचून हा हिशेब कोण करणार?

हिशेब न करायला लावणारी खूण आपल्याला नवी नाही. शाकाहाराचा हिरवा ठिपका अक्षरओळख नसलेली आजीही ओळखते. मांसाहारी पदार्थांवर पूर्वी तपकिरी ठिपका असे. रंगांधळ्यांना दोन ठिपक्यांतला फरक कळावा, म्हणून २०२० च्या लेबलिंग नियमांत त्याचा त्रिकोण झाला. मनावर घेतले की आपली यंत्रणा इतका बारीक विचार करू शकते. मग मीठ, साखर आणि चरबी यांच्याबाबतीत का नाही?

चिली या देशाने तो केला. तिथला कायदा २०१२ मध्ये मंजूर झाला आणि जून २०१६ पासून लागू झाला. साखर, सोडियम, संपृक्त चरबी किंवा उष्मांक मर्यादेपलीकडे गेले, की पाकिटाच्या दर्शनी भागावर त्या प्रत्येकासाठी काळा अष्टकोन छापणे सक्तीचे झाले. असे पदार्थ शाळांतून हटवले गेले, १४ वर्षांखालील मुलांना भुलवणाऱ्या त्यांच्या जाहिराती थांबल्या, सिरियलच्या खोक्यांवरची कार्टून गेली. पहिल्या टप्प्यातच इशारा लागलेल्या पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्याच वर्षी मेक्सिकोनेही हीच वाट धरली.

भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) सप्टेंबर २०२२ मध्ये मसुदा आणला तो ताऱ्यांचा : अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. तोही पहिली चार वर्षे ऐच्छिक. या पद्धतीत साखर-मिठामुळे गेलेले गुण सुकामेवा, तंतू, प्रथिने यांमुळे काही अंशी भरून निघतात. म्हणजे भरपूर साखरेच्या बिस्किटात थोडे तंतू घातले, की तारा वाढू शकतो. साखर मात्र तेवढीच राहते. मधुमेहाच्या रुग्णाला सरासरी नको असते, साखर जास्त आहे का एवढेच कळायला हवे असते. आयसीएमआरच्या २०२३ मधील पाहणीनुसार देशात अशा रुग्णांची संख्या दहा कोटींवर आहे.

मसुद्यावर चौदा हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी देण्यास सांगितले आणि जुलैमध्ये मुदत वाढवून दिली. तारे की इशारा, हा वाद आरोग्याच्या निकषावरच सुटायला हवा.

प्राधिकरण असे मसुदे काढून लोकांचे म्हणणे मागवते, तेव्हा कंपन्या न चुकता लिहितात. पालकांनी, शिक्षकांनी, डॉक्टरांनी आणि गावोगावच्या ग्राहक पंचायतींनीही लिहिले पाहिजे. मागणी तीनच ओळींची आहे : इशारा दर्शनी भागावर हवा, साखर-मीठ-चरबी यांचा वेगवेगळा हवा आणि पहिल्या दिवसापासून सक्तीचा हवा.