कानात एक, ओठांवर दुसरं

टीव्हीवर बातम्या देणाऱ्याचा चेहरा सगळे बघतात, कान कुणी बघत नाही. खरी गडबड तिथं चाललेली असते. कानात एक पारदर्शक नळी बसवलेली असते आणि शर्टाच्या किंवा पदराच्या मागून वायर खाली गेलेली असते. तिच्या दुसऱ्या टोकाला पीसीआर म्हणजे प्रोडक्शन कंट्रोल रूममधला पॅनेल प्रोड्युसर बसलेला असतो आणि तो अखंड बोलत असतो. ‘पुढची बाईट तयार नाही, जालन्याला जा.’ ‘जालना तुटलं, फोनो घे.’ ‘पॅकेज उडवलंय, तीस सेकंद भर.’ ‘ब्रेकला दहा.’ हे सगळं कानावर आदळत असताना अँकरच्या तोंडून कापसाच्या भावाचं वाक्य क्रियापदापर्यंत नीट पोचलं पाहिजे, आणि ऐकू येतंय हे चेहऱ्यावर दिसता कामा नये.

मी हे काम दोन्ही टोकांनी केलं. आधी जिल्ह्यात चॅनेलचा बूम म्हणजे माइक हातात धरून आणि नंतर मुंबईत, स्टुडिओच्या थंडगार खोलीत. लोक भेटले की एकच प्रश्न विचारतात, ‘एवढं सगळं पाठ कसं होतं हो?’ पाठ काहीच नसतं. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे एक तिरकी काच असते, तिच्यावर खालच्या पडद्यावरची अक्षरं उमटतात आणि आपल्या वाचण्याच्या गतीनं वर सरकतात. हा प्रॉम्प्टर सरकवणारा माणूस चांगला असेल तर अँकरचा श्वासही ओळखतो. नवखा असेल तर ओळ पळून जाते किंवा अडून बसते, आणि मग आधी वाचून ठेवलेलं कामाला येतं.

मराठीत वाचणाऱ्याची खरी परीक्षा आकड्यांची. 59, 69, 79 हे आकडे ओळीनं आले की भल्याभल्यांची जीभ एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशीच्या मध्ये कुठंतरी अडकते. म्हणून जुने अँकर डेस्कवरच्या मुलांना आकडे अक्षरांत लिहायला लावतात. मतमोजणीच्या दिवशी तीही सोय नसते. आकडे थेट पडद्यावर बदलत असतात, आणि आत्ताच वाचलेला आकडा वाक्य संपेपर्यंत शिळा झालेला असतो.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 रोजी, वरळीहून. तिथं बातम्या वाचणाऱ्या स्मिता पाटील, भक्ती बर्वे, अनंत भावे, प्रदीप भिडे यांची नावं आजही पन्नाशीच्या पुढच्या घरांत आपुलकीनं घेतली जातात. त्यांचे उच्चार, त्यांचं थांबणं, त्यांचा आवाज यांबद्दल बोलताना माणसं हळवी होतात आणि लगेच आजच्या अँकरना शिव्या घालतात. शिव्या काही अंशी रास्त आहेत. पण एक फरक ध्यानात घ्यावा लागेल. त्यांच्या बातमीपत्राला शेवट होता. ठरलेली मिनिटं संपली की ‘नमस्कार’ म्हणून उठता येत होतं. 2007 मध्ये झी 24 तास आणि स्टार माझा आले, पुढच्या वर्षी आयबीएन लोकमत आलं, आणि मराठी बातमीचा शेवटच गेला. लिहिलेलं वाचणं हे काम मागे पडलं. बातमी घडलीय, पण तिच्याबद्दल अजून कुणालाच काही ठाऊक नाही, अशा वेळी बोलत राहणं हे मुख्य काम झालं. या धंद्यात कोण किती पाण्यात आहे ते अशा वेळीच कळतं.

पाण्यावरून कोल्हापूर आलंच. पुराच्या दिवसांत तिथला माणूस पाऊस मिलिमीटरमध्ये मोजत नाही, तो फुटांत बोलतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर गेली की धोका. ऑगस्ट 2019 मध्ये ती 55 फुटांच्याही वर गेली होती. अशा वेळी मुंबईहून आलेले कितीतरी बातमीदार कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ‘आपण पाहू शकता, सर्वत्र पाणीच पाणी’ असं सांगताना मी पाहिलेत. कॅमेरामन कोरड्यात उभा असतो, हे आपण पाहू शकत नाही. चॅनेलला ते दृश्य हवं असतं, हे खरंच. पण घरात पाणी शिरेल की नाही या काळजीत टीव्हीसमोर बसलेल्या बाईला त्या दृश्यातून काय मिळतं?

तिला हवं असतं ते असं: सकाळी सातला पातळी किती होती, नऊला किती झाली, म्हणजे तासाला किती इंचांनी वाढतेय. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडलेत. अलमट्टी धरणातून विसर्ग किती चाललाय. महामार्ग शिरोलीजवळ चालू आहे का. ही चार उत्तरं देणारा बातमीदार कोरड्या रस्त्यावर उभा राहूनही तिच्या उपयोगी पडतो, कारण माळ्यावर धान्य चढवायचं की नाही हे तिला त्यावरून ठरवता येतं. ही माहिती कॅमेरा सुरू झाल्यावर सुचत नाही. ती आदल्या रात्री वहीत उतरवलेली असते. पाटबंधारे खात्यातल्या एखाद्या शाखा अभियंत्याचा नंबर पावसाळ्याआधीच घेऊन ठेवलेला असतो, आणि वर्षभर काहीही काम नसताना त्याला दिवाळीच्या शुभेच्छा पाठवलेल्या असतात. लाइव्हमध्ये ‘सहज’ बोलणाऱ्या प्रत्येकाच्या मागे अशी एक चुरगळलेली वही असते. ज्याच्याकडे ती नसते तो विशेषणं वापरतो.

त्यात लाइव्हची यंत्रणा माणसाला मदत करत नाही, छळते. ओबी व्हॅन म्हणजे प्रक्षेपणाच्या गाडीवरून सिग्नल जातो तो पृथ्वीपासून सुमारे 36,000 किलोमीटरवरच्या उपग्रहाकडे आणि तिथून खाली. एका फेरीला पाव सेकंद लागतो, म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद तिथंच गेला, आणि चित्र-आवाज आकसून परत उलगडायला लागतो तो वेळ वेगळा. हल्ली व्हॅनऐवजी पाठीवरची बॅग असते. तिच्यात पाच-सहा सिमकार्डं असतात आणि ती मिळेल त्या मोबाइल नेटवर्कवरून चित्राचे तुकडे पाठवते. स्वस्त आणि सोयीची. पण उशीर आणखी वाढतो, कधी दोन-तीन सेकंद. तेवढा वेळ बातमीदार मान हलवत, बावळटासारखा उभा दिसतो, घरचे हसतात. आषाढीला पंढरपुरात किंवा एखाद्या मोठ्या सभेत लाखो लोकांचे फोन एकाच टॉवरला लटकलेले असतात, तेव्हा ही बॅग मान टाकते. मग फोनो, म्हणजे फोनवरून बातमी: पडद्यावर फोटो, मागे नुसती खरखर.

सगळ्यात वाईट म्हणजे स्वतःचाच आवाज परत कानात येणं. ऑडिओवाल्यानं बातमीदाराकडे जाणाऱ्या आवाजातून त्याचा स्वतःचा आवाज वगळायचा असतो. तो विसरला की आपण सेकंदापूर्वी बोललेलं वाक्य आपल्याच कानात घुमतं आणि जीभ जड होते, शब्द लांबतात. अशा वेळी अनुभवी माणूस बोलता बोलता नळी काढून टाकतो आणि अंदाजानं बोलत राहतो. काहीच ऐकू येत नसताना आपल्याला प्रश्न विचारला गेलाय की नाही हेही कळत नाही. म्हणून अँकर काहीही विचारो, बातमीदार ‘अगदी बरोबर’ म्हणून आपलंच सुरू करतो. त्यामागचं गुपित हे एवढंच.

राजकीय बातमीदारी त्या मानानं सुखाची. अधिवेशनात विधान भवनाच्या पायऱ्यांवर कामकाजाआधी घोषणा, फलक, टोप्या, कधी कांद्याच्या माळा. सगळं कॅमेऱ्यांसाठी मांडलेलं. नेत्यांनाही आता पंधरा-वीस सेकंदांची बाईट तोंडपाठ आहे. कुठल्या वाक्याला चॅनेल लाल पट्टी लावेल हे त्यांना आपल्यापेक्षा आधी कळतं. खरं तर तिथं बातमीदारानं करायचं काम म्हणजे वीस सेकंद संपल्यावर दुसरा प्रश्न विचारणं. दहा बूम, दहा कोपरं आणि नेत्याची निघालेली गाडी यांत तो दुसरा प्रश्न बहुतेकदा राहून जातो.

मात्र 23 नोव्हेंबर 2019 च्या सकाळी काहीच मांडलेलं नव्हतं. त्या सकाळच्या पाळीत मी न्यूजरूममध्ये होतो. अँकर पहाटे चारला येऊन मेकअपला बसलेली. रनडाउनवर, म्हणजे बातम्यांच्या क्रमयादीवर, त्या दिवशीच्या वृत्तपत्रांचे मथळे होते, आणि ते सांगत होते की उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार. आठच्या सुमारास एका वृत्तसंस्थेकडून राजभवनातली दृश्यं आली. देवेंद्र फडणवीस शपथ घेत होते, मग राष्ट्रवादीचे अजित पवार. राष्ट्रपती राजवट पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी उठली होती, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा आमच्याकडे होती ती फक्त दृश्यं. राजभवनावर आमचा माणूस नव्हता. राजकीय बातमीदार गाढ झोपेतून उठून फोन उचलत होते आणि ‘काहीतरीच काय सांगतोस’ म्हणत होते.

पीसीआरमध्ये मात्र आवाज चढला होता. अँकरच्या कानात सांगितलं जात होतं, ‘राष्ट्रवादी फुटली म्हण, राष्ट्रवादी फुटली.’ तिनं ते ऐकलं, भुवईसुद्धा हलवली नाही आणि म्हणाली की मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री या पदांची शपथ झालेली आहे. अजित पवारांसोबत राष्ट्रवादीचे किती आमदार आहेत हे या क्षणी स्पष्ट नाही. मग तिनं विधानसभेचं गणित मांडायला घेतलं. एकूण 288, बहुमत 145, भाजप 105, शिवसेना 56, राष्ट्रवादी 54, काँग्रेस 44. तेच गणित तिनं वेगवेगळ्या बाजूंनी सांगितलं, मध्येच पक्षांतरबंदीचा दोनतृतीयांशाचा नियम समजावला आणि पुन्हा दृश्यांकडे आली. कानातला आवाज वैतागला होता. पुढे शरद पवारांनी जाहीर केलं की हा निर्णय पक्षाचा नाही. 26 तारखेला ते सरकार गेलंही. पण तिची हुशारी मी त्यावरून मोजत नाही. पक्ष खरोखर फुटला असता तरी त्या क्षणी तिचं वाक्य बरोबरच ठरलं असतं. ‘अजून स्पष्ट नाही’ हे वाक्य मेकअप शिकवणाऱ्या कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. ते म्हणायला आकडे पाठ असावे लागतात, कारण त्याच्यानंतरही बोलायचं उरतंच.

असा संयम न पाळल्यानं काय होतं ते देशानं मुंबईवरच्या 26 नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्यानंतरच्या तीन दिवसांत पाहिलं. नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो थेट प्रक्षेपित झाले. 2012 मध्ये त्या हल्ल्यात पकडलेल्या कसाबच्या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांना खडे बोल सुनावले आणि 2015 मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत कलम आलं: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेल्या अधिकाऱ्यानं वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवायची. जे संपादकांनी टेबलाभोवती बसून ठरवायला हवं होतं ते सरकारी राजपत्रात छापून आलं.

संध्याकाळच्या चर्चांबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही त्या पाहताच. एवढंच सांगतो की त्या भांडखोर आहेत तशाच स्वस्त आहेत. गडचिरोलीला एक चमू तीन दिवस पाठवायचा तर गाडी, मुक्काम, जेवण, सगळं आलं. सहा खिडक्यांत सहा माणसं भांडायला बसवली की जवळजवळ फुकटात तास भरतो. टीआरपीला दोष देण्याची आपल्याकडे सवय आहे. पण ऑक्टोबर 2020 ते मार्च 2022 या काळात वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर होणं बंद होतं, तेव्हाही आवाज काही खाली आला नाही.

आणि ज्याच्या जिवावर हे चालतं तो तालुक्याचा स्ट्रिंगर. त्याला पगार नसतो, बातमीमागे पैसे मिळतात, तेही लागली तर. मोटारसायकल त्याची, पेट्रोल त्याचं, फोन त्याचा. डोंगर खचला, एसटी दरीत गेली, विहिरीत बिबट्या पडला की पहिली दृश्यं त्याची असतात आणि तासाभरानं त्यांच्यावर मुंबईतल्या बातमीदाराचं नाव येतं. या धंद्यात येऊ पाहणारी मुलं मला विचारतात की अँकर व्हायला काय करू. मी सांगतो, एखाद्या स्ट्रिंगरच्या मागे बसून एक पावसाळा काढ. ऐकणारे कमी असतात.

प्रेक्षकांसाठी एक कामाची गोष्ट. खात्री न करता सांगितलेली बातमी दिसली की आपण चॅनेल बदलतो किंवा तिची क्लिप काढून मित्रांना पाठवतो. त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. क्लिप फिरली तर चॅनेलला उलट बरंच. जून 2021 पासून लागू झालेल्या नियमांनुसार प्रत्येक वाहिनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, तक्रार मिळाल्याची पोच 24 तासांत आणि उत्तर 15 दिवसांत द्यावं लागतं. तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव आणि नेमकं वाक्य एवढं लिहून पाठवा. ते वाक्य बोलायला सांगणाऱ्याला त्याचं लेखी उत्तर तयार करावं लागतं.