वैधव्याची शिकवणी
१८५६ च्या जुलैत विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद करण्याचा ठराव केला. मधल्या सुमारे १६६ वर्षांचा इतिहास आपण बहुधा सुधारकांच्या धैर्याचा म्हणून वाचतो. मला तो एका शिकवणीचा इतिहास वाटतो. नवरा मरण्याने बाई विधवा होते ती कागदोपत्री. कसं बसायचं, काय खायचं, कुणासमोर जायचं नाही, शुभकार्यात कुठल्या खोलीत थांबायचं, हे तिला भोवतालची माणसं शिकवतात. आठव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच नवरा गमावलेल्या, पुढे आनंदीबाई कर्वे झालेल्या गोदूबाईंसारख्या मुलीला त्या माणसाची कितीशी ओळख असणार? दुःख म्हणून जे पुढे आयुष्यभर पाळायचं, ते तिला केशवपन, आलवण म्हणजे विधवेचं लाल लुगडं आणि उपासतापास यांच्यातूनच गिरवायला लावलं जाई. आणि गिरवून घेणाऱ्या बहुतेक घरातल्याच बायका असत.

कायद्याने परवानगी दिली, पण हा धडा विसरायची जागा दिली नाही. उलट पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने काढून घेतला. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात गरोदर विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते या पोकळीतच. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन सुरू केलं, तेव्हा मात्र एक वेगळी गोष्ट घडली: विधवेला रोज उठून विद्यार्थिनी म्हणून वागण्याची सवय लागू लागली. गोदूबाई तिथल्याच. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करून त्या आनंदीबाई झाल्या, आणि कर्व्यांच्या मुरुड गावाने जोडप्याला वाळीत टाकलं. नवी भूमिका दोघं शिकली होती. गाव शिकलं नव्हतं. १८९६ मध्ये कर्व्यांनी काढलेला आणि पुढे हिंगण्याला गेलेला अनाथबालिकाश्रम म्हणूनच मला त्या विवाहापेक्षा मोठा वाटतो. विवाहाने एका बाईची सुटका झाली, आश्रमात शिक्षिका, परिचारिका, वर्गणी गोळा करणारी कार्यकर्ती अशा इतर ओळखी तयार होऊ लागल्या.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: हा सगळा पैशाचा आणि जातीचा प्रश्न होता, शिकण्याबिकण्याचा नव्हे. त्यात तथ्य आहे. अनेक जातींत पाट लावायची, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न लावायची रूढी होतीच; केशवपनाचा जाच मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या घरांत होता. पण पाटाच्या बाईलाही लग्नाच्या बायकोचा मान सहसा नसे, म्हणजे पोट भरायची सोय झाली तरी दर्जाचा धडा सुटत नव्हता. पार्वतीबाई आठवले यांचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. आनंदीबाईंच्या या बहिणीने आश्रमासाठी गावोगाव फिरून निधी जमवला, पुढे अमेरिकेचा प्रवास केला. तरीही आश्रमात आल्यावर कित्येक वर्षं त्या केशवपन केलेल्याच राहिल्या, आणि केस वाढवायचा निर्णय त्यांनी बऱ्याच उशिरा घेतला. स्वतः कमावणाऱ्या, जग पाहणाऱ्या बाईलाही आधीचा धडा पुसायला इतका काळ लागला. पुरुषांचंही वेगळं नव्हतं. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते न्यायमूर्ती रानडे यांनी पहिली पत्नी गेल्यावर १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केलं. आज्ञाधारक मुलाची भूमिका सुधारकाच्या भूमिकेआधी शिकलेली होती.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. वय वाढलं, की शिकवणी आपोआप सुटते, असं मानता येईल. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ केलं, मग शाळा आणि नोकऱ्या आल्या, आणि वैधव्य कोऱ्या पाटीवर लिहिलं जाण्याऐवजी आधीच शिक्षिका, आई, कर्मचारी असलेल्या बाईवर येऊ लागलं. त्यामुळे ते पूर्वीइतकं सर्वव्यापी राहिलं नाही, हे खरंच. पण मग हेरवाडला ठराव का करावा लागला? कारण स्वतःच्या पगारावर घर चालवणाऱ्या बाईचंही कपाळ तिसरीच माणसं पुसत होती. शिकलेली असून ती त्या घडीला एकटी पडते, आणि प्रथा पाळणाऱ्यांना मात्र सोबत असते. हेरवाडचं नावीन्य इथे आहे: ठराव विधवेला उपदेश करत नाही, तिच्याभोवती जमणाऱ्यांना हात आवरायला सांगतो. राज्य सरकारनेही त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं.

परिपत्रकाने अंत्यविधीचा दिवस बदलू शकेल, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं त्याच्या कक्षेत येत नाही. अलीकडे ठिकठिकाणी खास विधवांसाठी हळदीकुंकू होतं. हेतू चांगला आहे, पण त्यामुळे पंगत वेगळीच राहते. शेजारीण आपल्या घरच्या नेहमीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावते का, आणि आलेल्या सवाष्णींपैकी कुणी नाक मुरडत नाही ना, हे कुठल्याही ठरावाच्या वहीत नोंदलं जात नाही.