विजेच्या बिलाचा ताळा

दोन घरांचा वीजवापर ताडून पाहायचा झाला, की बहुतेकांची नजर बिलावरील देय रकमेकडे जाते. वास्तविक वापराविषयी सर्वांत कमी सांगणारा आकडा तोच असतो. महावितरणच्या घरगुती बिलात वापर कितीही असला तरी द्यावा लागणारा स्थिर आकार, युनिटांच्या प्रमाणात लागणारे वीज आकार व वहन आकार, इंधनखर्चाच्या चढउतारानुसार बदलणारा इंधन समायोजन आकार आणि राज्य शासनाचे १६ टक्के वीज शुल्क अशा निरनिराळ्या रकमांची बेरीज असते, आणि मागची थकबाकी असल्यास तीही तिच्यातच मिसळलेली असते. मुंबईत तर शहर भागात बेस्ट, उपनगरांत अदानी व टाटा आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण असे वेगवेगळे पुरवठादार असून त्यांचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्वतंत्रपणे ठरवतो. गोव्यात वीज सरकारी खात्याकडून येते व दर ठरवणारा आयोगही वेगळा आहे. त्यामुळे दादर, कुडाळ आणि म्हापसा येथील तीन घरांनी अगदी सारखी वीज वापरली, तरी त्यांच्या रकमा जुळण्याचे काही कारण नाही.

त्यातच दराच्या टप्प्यांविषयी एक गैरसमज घट्ट रुजलेला आहे. महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे असून पुढच्या टप्प्याचा वीज आकार मागच्यापेक्षा चढा असतो; परंतु ३०० ची मर्यादा ओलांडली म्हणून सर्व युनिटे महाग होतात हे खरे नव्हे, कारण ३१० युनिटे वापरणाऱ्याला चढा दर केवळ वरच्या १० युनिटांनाच लागतो. याचीच दुसरी बाजू अशी, की वाचवलेले प्रत्येक युनिट सर्वांत वरच्या टप्प्यातून वजा होत असल्याने बचतीची किंमत सरासरी दरापेक्षा जास्त भरते. दिल्लीत मात्र २०० युनिटांपर्यंतच्या वापरासाठी पूर्ण अनुदान आणि त्यापुढे ४०० पर्यंत मर्यादित अनुदान अशी योजना असल्यामुळे तेथे सीमारेषेवरचे एक युनिट खरोखरच भारी पडते, आणि तेथील अनुभव इकडे सांगोवांगी पोहोचून गोंधळात भर पडत असावी.

म्हणून तुलनेचा प्रामाणिक पाया म्हणजे दररोजची युनिटे. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करून येणाऱ्या युनिटांना त्या दोन वाचनांमधील दिवसांनी भागावे. कारण एक बिल २८ दिवसांचे आणि पुढचे ३४ दिवसांचे असू शकते, आणि तेवढ्यानेच घरातील वापर वाढल्याचा भास होतो. घर बंद असल्याने वा अन्य कारणाने रीडिंग मिळाले नाही तर सरासरीवर बिल आकारले जाते व पुढे प्रत्यक्ष वाचनानंतर त्याचे समायोजन होते, तेव्हा अशी बिले सुटी न पाहता दोन प्रत्यक्ष वाचनांमधला सारा काळ एकत्र धरणे भाग आहे. शिवाय मे महिन्याची तुलना एप्रिलशी न करता मागच्या वर्षीच्या मे महिन्याशीच करावी.

युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात १,००० वॅटचे उपकरण एक तास चालले असता खर्च होणारी ऊर्जा. वॅट हा वीज खर्च होण्याचा वेग दाखवतो आणि युनिट हा झालेला एकूण खर्च, हा भेद एकदा लक्षात आला की घरातील पुष्कळ उपकरणांचे भय कमी होते आणि काही निरुपद्रवी वाटणाऱ्यांविषयी शंका येऊ लागते. १,००० वॅटची इस्त्री पाव तास फिरवली तर पाव युनिट जाते. उलट ७५ वॅटचा जुना छताचा पंखा दिवसाला १२ तास फिरला तर महिन्याला २७ युनिटे घेतो, आणि त्याच जागी सुमारे ३० वॅटचा बीएलडीसी पंखा असेल तर ११ युनिटांच्या आतच काम भागते. असे तीन पंखे असणाऱ्या घरात हा फरक ४८ युनिटांच्या पुढे जातो, आणि तरीही पंखा विकत घेताना त्याचे वॅट विचारणारा ग्राहक विरळाच असतो.

गीझरची गोष्ट याहून वेगळी आहे. २० लिटर पाण्याचे तापमान २० अंशांनी वाढवायला, गीझर कोणत्याही बनावटीचा असला तरी, सुमारे अर्धे युनिट लागतेच. ३,००० वॅटचा इन्स्टंट गीझर ते झटपट देतो आणि २,००० वॅटचा साठवणीचा गीझर सावकाश, एवढाच फरक. साठवणीच्या गीझरचा खरा तोटा तो तासन्‌तास चालू ठेवल्यावर टाकीतून निसटणाऱ्या उष्णतेत आहे. चार माणसांच्या घरात रोज दोन युनिटे, म्हणजे महिन्याला ६० युनिटे, केवळ आंघोळीपायी जाऊ शकतात.

फ्रिज आणि वातानुकूलन यंत्र यांच्याबाबतीत वॅट गुणिले तास हे गणित सरळ लागू पडत नाही, कारण त्यांचा कॉम्प्रेसर गरजेनुसार बंद-चालू होतो किंवा वेग बदलतो. तेथे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकित लेबल उपयोगी पडते. मात्र तारे मोजण्यापेक्षा त्यावरील वार्षिक युनिटांचा आकडा वाचणे अधिक शहाणपणाचे, कारण ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक केले जातात आणि काही वर्षांपूर्वीचे पंचतारांकित यंत्र नव्या निकषांत खालच्या पायरीवर येते. वातानुकूलन यंत्राच्या लेबलवरील आकडा वर्षाला १,६०० तासांच्या वापरावर, म्हणजे रोज आठ तासांप्रमाणे २०० दिवसांवर, बेतलेला असतो, तेव्हा ते केवळ एप्रिल-मे महिन्यांत रात्रीपुरते लावणाऱ्या पुण्यातील घराला तो जसाच्या तसा लागू होणार नाही.

उपकरणांचा वाटा शोधण्यासाठी मीटरचाच वापर करता येतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लुकलुकणाऱ्या लाल दिव्याजवळ एका युनिटला किती स्पंदने होतात तो आकडा छापलेला असतो. तो ३,२०० असेल तर मिनिटाला एक लुकलुक म्हणजे सुमारे १९ वॅट. रात्री निजानीज झाल्यावर पंखे-दिवे बंद करून, फ्रिजचे बंद-चालू चक्र सरासरीत यावे म्हणून बराच वेळ मोजणी केल्यास घराचा पायाभूत भार कळतो. मिनिटाला आठ लुकलुका भरल्या तर तो भार १५० वॅट ठरतो आणि अखंड चालू राहिल्यास महिन्याला १०८ युनिटे घेतो. सेट-टॉप बॉक्स, वायफाय राउटर आणि बॅटरी सतत चार्ज करणारा इन्व्हर्टर ही मंडळी येथे सापडतात.

घराघरांची तुलना करताना दरडोई युनिटे काढण्याची पद्धत आहे, आणि ती ढोबळ असली तरी टाकाऊ नाही. फ्रिज एका माणसासाठी जेवढी वीज खातो त्याहून पाच माणसांसाठी फारशी जास्त खात नाही, म्हणून एकट्या माणसाचा दरडोई आकडा मोठा दिसतो, एवढे ध्यानात ठेवावे. सदनिकेतील कुटुंबाची पाण्याच्या पंपाची आणि लिफ्टची वीज सोसायटीच्या देखभाल खर्चात दडलेली असते, तर स्वतंत्र घरात एक अश्वशक्तीचा, म्हणजे ७४६ वॅटचा, पंप घरच्याच मीटरवर फिरतो. स्वयंपाक गॅसवर होतो की इंडक्शनवर, याचीही नोंद हवी.

छतावर सौर पॅनेल असणाऱ्या घराचे बिल तर वापर दाखवतच नाही. नेट मीटरिंगमध्ये ग्रीडमधून घेतलेल्या युनिटांतून ग्रीडला दिलेली युनिटे वजा होत असल्याने शून्य युनिटांचे बिल आलेल्या घरातही वापर भरपूर असू शकतो. तो काढायचा तर सौर मीटरवरील निर्मितीत ग्रीडकडून आलेली युनिटे मिळवून ग्रीडला दिलेली वजा करावी लागतात, आणि मगच असे घर शेजारच्या घराशेजारी मांडता येते.