भरती येते, मीठ येत नाही

इंग्लंडच्या नकाशावर ट्रेंट नदी शोधून काढा. स्टॅफर्डशरमधल्या बिडल्फ मूर या माळावर ती उगम पावते, नॉटिंगहॅम, न्यूअर्क, गेन्सबरो अशी गावं मागे टाकत सुमारे ३०० किलोमीटर वाहते आणि ऊझ नदीला भेटते. या दोघींची मिळून हंबरची अवाढव्य खाडी होते. न्यूअर्कच्या थोडं खाली, क्रॉमवेल इथे नदीवर एक बांध आहे. त्या बांधापासून हंबरपर्यंतची सुमारे ८० किलोमीटरची ट्रेंट दिवसातून दोनदा समुद्राच्या तालावर चालते. पाण्याचा जोरदार ओघ मंदावतो, थबकतो, फुगतो आणि खालच्या टप्प्यात तर चक्क उलटा, उगमाच्या दिशेने धावायला लागतो.

आता गंमत पाहा. क्रॉमवेलपासून खुला समुद्र सुमारे १४० किलोमीटर दूर आहे. भरती तिथवर पोचते आणि तरीही तिथलं पाणी गोडं! इतकं गोडं, की समुद्रात जगूच न शकणारे मासे त्यात पिढ्यानपिढ्या सुखाने नांदतात. समुद्र दारात येतो आणि मीठ मात्र येत नाही, हे घडतं तरी कसं?

मालगाडीला इंजिनाने मागून धक्का दिला की काय होतं, आठवा. खण्‌, खण्‌, खण्‌ करत तो धक्का एका डब्यातून दुसऱ्यात असा पार टोकाच्या डब्यापर्यंत जातो. पण इंजिनाजवळचा डबा काही टोकाला जाऊन पोचत नाही, तो जागचा जरासा हलतो इतकंच. भरतीचंही तसंच. नदीतून वर जाते ती लाट, म्हणजे धक्का. खारं पाणी स्वतः प्रत्येक भरतीला काही किलोमीटर आत शिरतं आणि ओहोटीबरोबर मागे ढकललं जातं. वरून येणारं नदीचं पाणी त्याला सतत बाहेर रेटत असतंच. नदी आटलेली असेल तर मिठाची हद्द थोडी वर सरकते, पूर असेल तर खाली. क्रॉमवेलला जे पाणी चढतं ते नदीचंच अडलेलं, तुंबलेलं पाणी असतं.

आणि ही लाट काय वेगाने जाते! उथळ पाण्यातल्या अशा लांबलचक लाटेचा वेग खोलीवर ठरतो. दोन मीटर खोल पाण्यात ती तासाला सुमारे १६ किलोमीटर जाते, पाच मीटर खोल पाण्यात सुमारे २५. म्हणजे लाटेचा माथा, जिथे पाणी खोल, तो पुढे पळणाऱ्या उथळ पायथ्यापेक्षा वेगवान! माथा पायथ्याला गाठू लागतो आणि लाटेचा पुढचा उतार उभा उभा होत जातो. म्हणूनच अशा नदीत भरती झपाट्याने चढते आणि ओहोटी मात्र तासन्‌तास रेंगाळते. उधाणाच्या मोठ्या भरतीला तर हा उतार इतका उभा होतो, की पाण्याची एक भिंतच गेन्सबरोकडे चालून येते. तिकडे तिला ईगर म्हणतात. चांगली ईगर दीड मीटरपर्यंत उंच असते आणि तिच्या पाठोपाठ सगळी नदी दिशा बदलते.

आता अशा नदीत गळ टाकून बसायची कल्पना करा. तिथले लोक बसतात, आणि हौसेने बसतात! उन्हाळ्याच्या सुट्टीत डनहॅम, टॉर्कसी, कॉलिंगहॅमच्या काठांवर हिरव्या छत्र्या आणि घडीच्या खुर्च्या दिसू लागतात. सॅमन-ट्राउटची घराणी सोडून गोड्या पाण्यातले बाकीचे मासे, म्हणजे रोच, ब्रीम, चब, डेस, बार्बेल, गळाने पकडायचे, डोळे भरून पाहायचे आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचे, असा हा छंद. गळ टाकायला सरकारी परवाना लागतो. माशांच्या विणीसाठी नद्यांमध्ये १५ मार्च ते १५ जून बंदी असते आणि १६ जूनची पहाट म्हणजे या मंडळींचा सणच.

खळाळत्या पाण्यात गळ एका जागी ठेवायचा कसा? यातली युक्ती पाहण्यासारखी आहे. तंगुसाला एक छोटा जाळीदार पिंजरा बांधतात. त्याला शिशाचं वजन, कधी शंभर ग्रॅमहून जास्त. पिंजऱ्यात पावाचा चुरा आणि अळ्यांचा खुराक ठासतात आणि आखूड दोऱ्यावर गळ सोडतात. खुराक विरघळत, वाहत जातो आणि नेमका त्याच वाटेवर गळ असतो. काठी जवळजवळ उभी रोवतात, म्हणजे तंगुसाचा जितका भाग पाण्याबाहेर राहील तितका राहावा.

पण खरी कमाल पुढेच आहे. तुम्हाला वाटेल, शिसं घट्ट रोवून ठेवायचं तर तंगूस ताणून धरायला हवा. नेमकं उलट! ताणलेला तंगूस शिशाला वर उचलतो आणि ते तळावरून गडगडत निघतं. म्हणून जाणकार मासेमार पिंजरा तळाला टेकला की चांगला काही मीटर तंगूस सैल सोडतो. प्रवाह त्या सैल तंगुसाचा मोठा बाक करतो. आता शिशाजवळचा तंगूस तळालगत आडवा पडतो, ओढ वरच्या दिशेने न लागता तळाला समांतर लागते आणि शिसं जागचं हलत नाही. ज्या पाण्याने ते वाहून न्यायचं, त्याच पाण्याच्या जोराने ते स्थिर बसतं! हा तोल इतका नाजूक असतो, की माशाने आमिष उचललं की शिसं सुटतं आणि वाकलेलं काठीचं टोक फट्‌दिशी सरळ होतं. बाकीच्या जगात मासा लागल्यावर काठी वाकते. इथे आधी ती सरळ होते.

आणि भरती आली की हा सगळा मांडलेला खेळ विसकटतो. ओघ थांबतो, बाक सुटतो, पाणी काठावर झरझर चढतं. अनुभवी माणूस भरतीचं वेळापत्रक पाहूनच सामान वर हलवून बसलेला असतो. चंद्राच्या हिशोबाने दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे आज जी वेळ ती उद्या नाही.

असल्या ओघात ठाण मांडून बसणारा मासा कसा असेल? ट्रेंटचा राजा बार्बेल. त्याला हातात घेऊन निरखा. पोट सपाट, कपाळ उतरतं, छातीचे पर रुंद. समोरून येणारं पाणी त्या उतरत्या कपाळावर आणि परांवर आदळतं आणि माशाला खाली, तळाकडे दाबतं. तळालगत प्रवाह घर्षणामुळे मंदावलेला असतो, तिथे तो आरामात राहतो. तोंड खालच्या बाजूला, ओठांभोवती चार मिशा, आणि त्या मिशांवर चव कळणाऱ्या पेशी. म्हणजे गढूळ पाण्यात तो तळ चाखत चाखत फिरतो! तोंडात दात नाहीत, ते घशात आहेत. गोगलगाय आत गेली की शंख तिथे फुटतो. पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत इवल्या हाडांची एक साखळी आहे. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० मध्ये तिचं वर्णन केलं. पिशवी आवाजाने थरथरते, साखळी तो थरार कानाला पोचवते. म्हणूनच काठावर जड पावलं टाकली की मासे पसार होतात.

मग असा कसलेला मासा समुद्रात का जात नाही? त्याच्या रक्तात मीठ सुमारे एक टक्का, नदीत जवळजवळ शून्य. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत अंगात शिरतं आणि त्याची मूत्रपिंडं रात्रंदिवस ते बाहेर टाकत राहतात. समुद्रात मीठ साडेतीन टक्के. तिथे गेला तर उलट त्याच्याच अंगातलं पाणी बाहेर ओढलं जाईल आणि पाण्यात राहून तो तहानेने मरेल. रोच आणि ब्रीम थोडं निमखारं पाणी सोसतात, पण खुला समुद्र त्यांनाही बंदच.

आता खरा प्रश्न येतो. ब्रिटन हे बेट. चारही बाजूंनी खारं पाणी. मग समुद्र ओलांडू न शकणारा मासा तिथे आला कुठून?

उत्तर ऐकून थक्क व्हाल. तो आला तेव्हा समुद्र नव्हताच! सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आजच्या उत्तर समुद्राच्या जागी विस्तीर्ण जमीन होती. तिला शास्त्रज्ञ डॉगरलँड म्हणतात. १९३१ मध्ये कोलिंडा नावाच्या ट्रॉलरच्या जाळ्यात नॉर्फोकच्या किनाऱ्यापासून समुद्रात बऱ्याच आत कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा, म्हणजे पीटचा, एक गोळा आला. तो फोडला तर आत शिंगापासून घडवलेलं, दातेरी कडांचं भाल्याचं टोक! आज जिथे जहाजं चालतात, तिथे कधीकाळी माणसं शिकारीला हिंडत होती.

त्याच मैदानावर इंग्लंडच्या पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या ऱ्हाइनसारख्या युरोपीय नद्यांच्या जाळ्याला मिळत होत्या. बर्फ वितळू लागलं तसा बार्बेल गोड्या पाण्याच्या वाटेने इंग्लंडच्या नद्यांत शिरला. मग समुद्र चढला, सुमारे ८,००० वर्षांपूर्वी डॉगरलँड बुडालं आणि परतीची वाट मिटली. जो समुद्र आज दिवसातून दोनदा ट्रेंटला वर ढकलतो, त्यानेच या माशांना तिच्यात कोंडलं.

पुरावा हवा? इंग्लंडमध्ये बार्बेल मूळचा फक्त पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांतला. पश्चिमेला जाणाऱ्या सेव्हर्न नदीत तो नव्हता. १९५६ मध्ये केनेट नदीतले सुमारे ५०० बार्बेल आणून सेव्हर्नमध्ये सोडले, तेव्हा तो तिथे आला. आयर्लंड तर त्याही आधी तुटलेलं. तिथला रोचसुद्धा माणसाने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेलेला.

बार्बेलच्या कुळाचा एक धागा थेट पुण्यापर्यंत येतो. बार्बेल हा आपल्या रोहू, कटला, मृगळ यांच्याच कार्प कुळातला. १८३९ मध्ये विल्यम सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या नदीतल्या दख्खनी महसीरचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा त्याचं नाव ठेवलं बार्बस खुडरी. ट्रेंटच्या बार्बेलचं शास्त्रीय नाव बार्बस बार्बस! पुढे महसीरचा वंश वेगळा मानला गेला आणि तो टॉर खुडरी झाला. पण मिशा, घशातले दात आणि कानापर्यंतची हाडांची साखळी दोघांचीही सारखीच.

माणसाने नेला नसेल, तर असा मासा कुठल्याही नदीत असायला एकच कारण पुरतं. कधी ना कधी तिथवर गोड्या पाण्याचा सलग रस्ता होता. तेव्हा पुढच्या सुट्टीत कुठल्याही नदीकाठी गरवणारा माणूस भेटला, तर माशाचं नाव विचारून थांबू नका. हा मासा इथे आला कसा, तेही विचारा. उत्तराच्या मागे लागाल, तर नद्यांचे बुजलेले रस्ते आणि बुडालेली मैदानं तुडवत थेट हिमयुगात जाऊन पोचाल.