ऊन कुठून घ्यावे, कुठे अडवावे?

ऊन तेच असते. पण पौषात ते हवेसे वाटते आणि वैशाखात नकोसे होते. थंडीत म्हातारी माणसे उन्हाला येऊन बसतात. उन्हाळ्यात तीच माणसे पत्र्याखाली तळमळतात. तान्ही मुले रडून रडून थकतात. ऊन लागून माणूस दगावतोसुद्धा. म्हणून उन्हाची चाल ओळखली पाहिजे.

ती ओळखायला पैसा लागत नाही. अंगणात एक काठी सरळ उभी रोवा. भर दुपारी तिची सावली पाहा. पौषात सावली उत्तरेकडे पडते. ती जवळजवळ काठीएवढी लांब असते. म्हणजे सूर्य तेव्हा दक्षिणेकडे कललेला असतो. पुढे सावली आखडत जाते. कोल्हापुरास ७ मेच्या सुमारास, पुण्यास १३ मेच्या सुमारास आणि नागपुरास २६ मेच्या सुमारास भर दुपारी सावली काठीच्या बुडाशीच राहते. सूर्य बरोबर डोक्यावर येतो.

यातून काय समजले? हिवाळ्याचे ऊन दक्षिणेकडून तिरपे येते. उन्हाळ्याचे ऊन दुपारी छपरावर पडते आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर येते.

म्हणून दक्षिणेच्या भिंतीला खिडकी ठेवावी. तिच्यावर छप्पर हातभर पुढे काढावे. थंडीत तिरपे ऊन त्याखालून आत येते. उन्हाळ्यात दुपारी तीच भिंत सावलीत राहते.

पश्चिमेला मोठी खिडकी नको. तिकडे पडवी काढावी. थोडे अंतर सोडून कडुनिंब लावावा. तो चैत्रात पालवतो, म्हणजे ऐन उन्हाळ्यात सावली देतो. झाड वाढेपर्यंत तुराट्यांची ताटी भिंतीपासून वीतभर दूर उभी करावी. चूल मात्र ताटीजवळ मांडू नये.

कुणी म्हणेल, "घर तर बांधून झालं. आता दिशा कशी फिरवायची?"

दिशा फिरवायला नको. छपराकडे पाहा. एक काळे घोंगडे आणि एक पांढरे धोतर उन्हात टाका. घटकाभराने हात लावा. घोंगडे जास्त तापलेले लागेल. पांढरा रंग ऊन परतवतो. तेव्हा होळीच्या सुमारास पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात द्यावेत. चुन्यात थोडा डिंक घालावा. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून दरसाल द्यावा. हे काम सकाळी करावे. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नये. चढणाऱ्याने खालच्या वाशावरच पाय ठेवावा.

आता वाऱ्याचे. जाड मातीची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री सोडते. अशा घरात दुपारी झळा सुटल्या की खिडक्या लावून घ्याव्यात. बाहेरची हवा निवली की उघडाव्यात. रात्रभर वारा खेळला की भिंती निवतात. पत्र्याची खोली मात्र दुपारी कोंडू नये. तापलेली हवा वर चढते. तिला बाहेर जायला आढ्याजवळ झरोका ठेवावा.

सगळे एकदम जमणार नाही. ज्याच्या घरावर पत्रा आहे, त्याने आधी चुना द्यावा. मग पश्चिमेला सावली करावी. नवे घर बांधणाराने पाया आखण्यापूर्वी काठी रोवावी. पाया एकदा भरला की दिशा बदलत नाही.