संगणकातला पाहुणा : कोणाला घरात घ्यायचं?



माढ्यासारख्या गावातल्या शाळेत संगणक मोजकेच असतात. विंडोजबरोबर मुलांना लिनक्सही दाखवायचं म्हटलं, तर दुसरा संगणक आणायचा कुठून? यावर उपाय म्हणजे व्हर्च्युअल मशीन. व्हर्च्युअलबॉक्ससारखं मोफत सॉफ्टवेअर टाकलं की चालू संगणकाच्या आतच दुसरा संगणक उभा राहतो. मूळची प्रणाली यजमान, आतली पाहुणी.

पण घरात जागा आहे म्हणून आपण कोणालाही आत घेतो का? इथेही दोन प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न : झेपेल का? पाहुण्याला रॅम यजमानाच्याच वाट्यातून द्यावी लागते. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. हलकं लिनक्स त्याहून कितीतरी कमी जागेत भागवतं.

दुसरा प्रश्न : परवानगी आहे का? खरी गंमत इथे आहे. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टाच्या स्वस्त, घरगुती आवृत्त्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवायला परवान्यातच मनाई होती. महागड्या आवृत्त्यांना मात्र मुभा! अडचण यंत्राची नव्हतीच, अट कंपनीची होती. जानेवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती मागे घेतली. ॲपलची अट आजही आहे : मॅकओएस फक्त ॲपलच्याच संगणकावर चालवायची आणि त्यात पाहुण्या प्रती जास्तीत जास्त दोन.

लिनक्सला अशी आडकाठी नाही. सी-डॅकची 'बॉस' ही आपल्या देशातली प्रणालीही लिनक्सवरच बेतलेली आहे. कितीही प्रती करा, मुलांना घरी द्या, कोणी अडवणार नाही.

आता मुद्द्याचं. "सर, चालतंय की!" असं मुलं म्हणतात. पण चालतं म्हणजे चालवायची परवानगी आहे, असं नाही. कुठून तरी आणलेली चोरीची प्रत आपणच वर्गात चालवली, तर मुलं तेच शिकतील. शिवाय अशा प्रतीतून व्हायरस येण्याची भीती वेगळीच.

म्हणून प्रयोगशाळेसाठी एक साधा नियम करा : अधिकृत संकेतस्थळावरूनच घेतलेली आणि परवाना वाचलेली प्रणालीच पाहुणी म्हणून घ्यायची. तिचं नाव, आवृत्ती, परवाना आणि तारीख वहीत लिहायची. प्रशासकाचा पासवर्ड शिक्षकांकडेच ठेवायचा.

पालकहो, घरी मुलांना एवढंच विचारा : "हे चालतं, ठीक आहे. पण चालवायची मुभा आहे का?"